उंची मोजणारी आई

३ ऑगस्ट २००३, रविवार

उत्कर्षाला तिच्या कंपनीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून टेलिफोनखाली पडून होती. सात महिने कोरे गेले. त्या सात महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंही नाही, त्यामुळे कोणाचं नुकसान झालेलं नाही. आज घडलं म्हणून उघडली.

सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता उत्कर्षा म्हणाली, "बाबा, गुड न्यूज. हिंजवडीला आमची नवी बिल्डिंग होतेय ना, तिच्या रिसेप्शनला 'उंची' लावायचं फायनल झालं. ओरिजिनल! मी राव सरांना कन्व्हिन्स केलं."

"तिथे संगणकाची चित्रं लावा की," मी म्हणालो.

"तेच नकोय त्यांना. त्यांना काहीतरी आपलं, घरचं हवंय. राव सर हैदराबादचे, पण चित्राचा फोटो बघून म्हणाले, उत्कर्षा, ही तर माझी आई."

कुमुदने पोह्यांची कढई ओट्यावर जरा जोरात ठेवली. "कशाला न्यायचं? भिंतीवर पांढरा चौकोन राहील," एवढंच बोलली. बायकांना भिंतीची काळजी आधी.

उद्या ही डायरी रद्दीत गेली आणि कोणी वाचली, तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. मी अनंत दाबके, वय सदुसष्ट. चाळीस वर्षं मासिकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, साबणांची वेष्टनं आणि क्रमिक पुस्तकांतले बैल काढले. त्यातलं लोकांना एकच आठवतं. १९७७ च्या 'तोरण' दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, नाव 'उंची'. स्वयंपाकघराच्या दाराशी चार वर्षांची मुलगी चौकटीला पाठ लावून उभी आहे. आईने तिच्या डोक्यावर एक पुस्तक आडवं धरलंय आणि ती चौकटीवर पेन्सिलीने खूण करते आहे. मुलीने हळूच टाचा उचलल्यात. आईला ते दिसत नाही, पण वर्तमानपत्राआडून बघणाऱ्या बापाला दिसतं, आणि आपल्याला दिसतं. खिडकीबाहेर पारिजातकाचा सडा. टेबलाखाली मांजर. टेबलावर अनारशांचं ताट.

त्या वर्षी अंकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पुण्यात अजून माझी ओळख 'उंचीवाले दाबके' अशीच करून देतात. साबणवाले दाबके म्हणाले असते तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट

दोन दिवस डायरीकडे बघतो आहे. जे लिहायचं आहे ते काल लिहिलं नाही. लिहून टाकतो.

'उंची' माझं नाही.

'तोरण'च्या संपादकांनी माझी दोन कच्ची चित्रं नापसंत केली होती आणि छपाईला बारा दिवस उरले होते. जुन्या बाजारात रद्दीवाल्याकडे मला एक अमेरिकन साप्ताहिक मिळालं, १९४८ सालचं. त्याच्या मुखपृष्ठावर स्वयंपाकघराचं दार, सोनेरी केसांची आई, डोक्यावर पुस्तक घेऊन टाचा उचललेला मुलगा, वर्तमानपत्राआडून बघणारा बाप. खिडकीबाहेर बर्फ, टेबलाखाली कुत्रा, टेबलावर वाफाळता गोड पदार्थ. कोपऱ्यात चित्रकाराची सही. ती स्वच्छ वाचता येत होती. इथे उतरवायला अजून हात होत नाही.

मी ट्रेसिंग पेपरवर ते चित्र उतरवलं आणि कागद उलटा केला. कोणी शेजारी ठेवून बघितलं तरी चटकन कळू नये म्हणून. बर्फाचा पारिजातक केला. मुलाऐवजी मुलगी, कारण घरात उत्कर्षा होती. कुत्र्याचं मांजर. म्हणजे सगळ्या चित्रात माझं स्वतःचं काय, तर मांजर.

कागद उलटल्यामुळे आई डावखुरी झाली. कुमुदला मी डाव्या हातात पेन्सिल देऊन उभी केली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, उजव्या हातानं मोजलं तर काय बिघडतं?" मी म्हणालो, रचनेसाठी. एका समीक्षकाने पुढे त्या डाव्या हातावर परिच्छेद लिहिला. अनारशांतून वाफ निघते आहे, कारण मूळ पदार्थ गरम होता आणि मी वाफ पुसायला विसरलो. सव्वीस वर्षांत एकाही सुगरणीने विचारलं नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आपल्याकडे असं कोणी करतच नाही. मुलाला मापलं की वाढ खुंटते, असं माझी आई तेव्हा ओरडली होती. तिने दोन दिवस धुसफूस केली. पुण्यातल्या ज्या घरांत मुलांची उंची मोजणं अशुभ, त्याच घरांतली माणसं मला सांगतात, दाबके, अगदी आमच्या लहानपणीचं चित्र काढलंत हो.

आजवर हे चित्र आमच्या बैठकीत होतं. पाहुणे यायचे ते कोथरूडचे. आता ते अशा ठिकाणी चाललंय जिथे आठवड्याला एक अमेरिकन येतो.

१७ ऑगस्ट, रविवार

चित्र नव्या फ्रेमसाठी मंडईमागे बापूरावांकडे घेऊन गेलो. बापूराव धायरीचे, तीस वर्षं माझ्या फ्रेमा करतात. काच काढून ते चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"सायेब, ही बाई डावरी हाय का?"

"हो."

"तरीच. मला लई वर्सं वाटायचं, कायतरी येगळं हाय." मग म्हणाले, "आमची आय बी असंच मोजायची."

मला राहवलं नाही. "कुठे मोजायची?"

"दारात की."

"पेन्सिलीने?"

बापूराव हसायला लागले आणि मधेच थांबले. "पेन्सिल कुटली आमच्याकडं. आय तर अंगठा लावायची," ते म्हणाले. पुन्हा विचार केला. "पर मोजायची. टाच उचलल्याली मला याद हाय."

मी फ्रेमची पट्टी कुठल्या रंगाची हवी ते सांगून निघालो. वाटेत भेंडी घ्यायची विसरलो, त्यावरून घरी ऐकून घेतलं.

२ सप्टेंबर

गणपतीचं मखर काढायला परवा माळ्यावर चढलो होतो. आज पुन्हा चढलो. ते साप्ताहिक सापडलं तर फाडून टाकावं, निदान घरातला पुरावा तरी संपेल, असा विचार होता. जुने अंक, साबणांचे नमुने, उत्कर्षाची पाळण्यातली खेळणी, सगळं सापडलं. ते नाही.

कुमुद खाली स्टूल धरून उभी होती. "काय शोधताय?"

"जुने ब्रश."

"ब्रश माळ्यावर नाहीत. आणि जे शोधताय तेही नाही."

हा तिचा नेहमीचा टोमणा. मला काय हवंय ते मला कधीच माहीत नसतं, असं तिचं लग्नापासूनचं मत आहे. खाली उतरलो तर तिने पंचा दिला आणि म्हणाली, "तोंड पुसा. घाबरल्यासारखे दिसताय."

१२ सप्टेंबर

आज कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. सकाळी अकराची वेळ, सगळी तरुण मंडळी. माझ्याकडे बघून मालकाने विचारलं, "आजोबा, मुलाला मेल करायचाय?" मी म्हणालो, नाही, एका माणसाचा पत्ता काढायचाय.

ज्या माणसाचं नाव सव्वीस वर्षं तोंडातून काढलं नाही, ते एका बोटाने टाइप केलं. एल्मर वूड्रफ. आता इथेही लिहून झालं.

यादी आली. एका ओळीवर दाबलं. पान काही लवकर उघडेना. मला वाटलं, बिघडलं, बरं झालं. मग चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायला लागलं. आधी छत. मग दिवा. मग त्या बाईचे सोनेरी केस. तिचा उजवा हात. पुस्तक. मी उठून जायला हवं होतं, पण टाचांपर्यंत थांबलो. मुलाच्या टाचा आल्या. उचललेल्या.

त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं, की अमेरिकेतल्या घराघरांत हे चित्र लावलेलं असे. म्हणजे सारसबागेतला गणपती आपला म्हणून एखाद्याने परदेशात खपवावा, तसं मी केलंय.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. तो बाप त्याने माझ्यापेक्षा चांगला काढलाय. माझा बाप नुसता बघतो. त्याचा बाप हसू दाबतो आहे.

उत्कर्षाला सांगायलाच हवं. तिने माझ्या शब्दावर साहेबांना गळ घातली आहे. दसऱ्याच्या आत सांगतो.

५ ऑक्टोबर, दसरा

सांगितलं नाही.

आज नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना बोलावलं होतं. कंपनीच्या बसने नेलं, गार हवेची बस. वाकड सोडल्यावर एका बाजूला काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. कुमुदने नारायणपेठ नेसली होती.

आत शिरल्याबरोबर समोर 'उंची'. वरून तीन दिवे सोडलेले. खाली पितळी पाटी: 'मूळ चित्र: अनंत दाबके, १९७७'. त्यातला 'मूळ' शब्द मी चष्मा काढून, घालून, दोनदा वाचला.

मग उत्कर्षा माइकवर बोलायला उभी राहिली. तीनशे माणसं असतील. आधी मराठीत आणि मग इंग्रजीत बोलली. म्हणाली, "ही मुलगी मी आहे. दर वाढदिवसाला आई मला दाराआड घेऊन जायची. रॉकेलचा डबा सरकवायची. डोक्यावर लाटणं आडवं ठेवायची आणि खूण करायची. आजीला कळू नये म्हणून आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो. मी दरवर्षी टाचा उचलायचे आणि आई दरवर्षी म्हणायची, टेक. बाबांनी ते बघितलं आणि चित्र काढलं. म्हणून हे चित्र माझ्यासाठी चित्र नाही, घर आहे."

माणसं उठून टाळ्या वाजवत होती. राव साहेबांनी डोळे पुसले. मी काहीही बघितलं नव्हतं. बघण्यासारखं काही नव्हतंच. मोजली ती एकदाच, चित्रासाठी, आणि तेही पुस्तक लावून. लाटणं कुठून काढलं पोरीने? आणि रॉकेलचा डबा? एका परक्या माणसाच्या चित्रावरून माझ्या मुलीने स्वतःला आख्खं लहानपण बनवलंय, वर नसलेल्या गोष्टींची भर घालून. कल्पनाशक्ती बापाची घेतली, दुसरं काय.

आता नुसतं माझं नाव जायचा प्रश्न राहिला नाही. खरं सांगितलं तर तिचं लहानपण जाईल.

मी कुमुदकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पदराने मान टिपत होती आणि हसत होती. तिलाही ते खरं वाटलं असावं.

८ ऑक्टोबर

उत्कर्षाला सांगायला तिच्या खोलीत गेलो. ती फोनवर. परत आलो. पुन्हा गेलो तर म्हणाली, "बाबा, काही हवंय का?" मी म्हणालो, स्टेपलर.

स्टेपलर घेऊन आलो. स्टेपल करायला काही नव्हतं.

१५ ऑक्टोबर

क्लायंटकडून कोणी मिसेस कार्लसन यायच्या आहेत. त्यांचं मत चांगलं पडलं तर उत्कर्षाला जानेवारीपासून सहा महिने ओहायोला पाठवतील. बाईंना स्वतः चित्र दाखवणार म्हणाली. कुमुद आज सकाळच्या एसटीने सातारला बहिणीकडे गेली, रविवारी येईल. जाताना मला म्हणाली, "दही विरजून ठेवलंय. आणि पोरीशी एकदा बोला." कशाबद्दल, ते बोलली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्कर्षा आज चार वाजताच घरी आली. चपला काढल्या नाहीत. पर्समधून एक छापलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

कागद उलटा होता तरी मला कळलं.

मिसेस कार्लसन बाई चांगल्या असाव्यात. चित्रासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, अगं, हे तर आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात होतं. उत्कर्षाला वाटलं, कौतुक करताहेत. तिने हसून त्यांना आपली सगळी गोष्ट ऐकवली, लाटण्यासकट. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे चित्र मेलने पाठवलं. खाली फक्त 'तुझ्या बाबांना हे बघायला आवडेल' असं लिहिलं होतं.

"राव सरांना कॉपी गेली होती," उत्कर्षा म्हणाली. "बाबा, तुम्ही हे आधी बघितलं होतं?"

"हो."

"७७ च्या आधी?"

"हो."

"आणि मी स्टेजवर बोलले तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

तीन वेळा हो म्हणालो. एवढं खरं मी एका दिवसात कधी बोललो नव्हतो. ती खुर्चीत बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मग मला जे आठवतं ते काय आहे?"

मी ठरवलं, आता अर्धवट नको. एकदाच काय तो काटा निघू दे. म्हणालो, "उत्कर्षा, ते तुला आठवत नाही. ते तू चित्रावरून रचलंयस. तसं आपल्या घरी कधी झालं नाही. आपल्यात मुलांची उंची कोणी मोजत नाही. तुझी आजी असताना तर शक्यच नव्हतं."

"लाटणं?"

"काही नव्हतं, बाळा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायली असावी, बराच वेळ तिथे होती. बाहेर आली ती सरळ तिच्या खोलीत. बॅग भरली. "मी रुपालीकडे औंधला जातेय. काही दिवस राहीन. आईला मी फोन करते," म्हणाली. रुपाली तिची मैत्रीण.

"चित्राचा राग मी समजू शकतो," मी म्हणालो.

"चित्र गेलं खड्ड्यात, बाबा," ती म्हणाली आणि गेली.

सव्वीस वर्षांनी खरं बोललो. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात. ज्यांना वाटतं त्यांनी ते खरं आपल्या मुलीला सांगितलेलं नसावं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कुमुद दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "काय सांगितलंत तिला? रुपालीकडे बसून रडतेय, मला फोनवर धड सांगत नाही."

मी सगळं सांगितलं. साप्ताहिक, ट्रेसिंग पेपर, कार्लसन बाई. ती मान हलवत होती, जशी दूधवाल्याचा खाडा ऐकताना हलवते. नवीन काही ऐकल्यासारखं तिच्या तोंडावर दिसेना. मग मी म्हणालो, "आणि तिच्या डोक्यातली ती मोजण्याची गोष्टही काढून टाकली. म्हटलं, असं काही झालंच नव्हतं."

कुमुद उभीच राहिली. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी तिचा तसला चेहरा पाहिला नव्हता.

"इकडे या," ती म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार भिंतीला टेकतं, त्याच्या मागे दुसरा सिलिंडर असतो आणि वर कालनिर्णय. तिने पायाने सिलिंडर सरकवला. कालनिर्णय खिळ्यावरून काढलं. दार अर्धं ओढून घेतलं आणि मला त्या सांदीत ढकललं.

चौकटीच्या आतल्या अंगाला एक वीतभर रुंद पट्टी रंगवलेलीच नव्हती. त्यावर पेन्सिलीच्या रेघा. खालून वर, एकावर एक. प्रत्येक रेघेपुढे कुमुदच्या बारीक अक्षरात तारीख. सगळ्यात खाली 'उ. ४ वर्षे, २०-११-७७'. सगळ्यात वर 'उ. १४'. मधल्या एका रेघेपुढे 'ताप होता, उद्या परत' आणि खरंच अर्ध्या बोटावर दुसरी रेघ.

"अंक आला, त्यावर तिनं स्वतःला बघितलं," कुमुद सांगत होती. "मला म्हणाली, आई, मला पण असं मोज. सासूबाईंना चालणार नव्हतं, म्हणून दाराआड. पुस्तक घ्यायला तुमच्या खोलीत यावं लागलं असतं, म्हणून लाटणं. पंच्याण्णवला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला मी म्हटलं, एवढी पट्टी सोड. तो म्हणाला, ताई, वाईट दिसेल. मी म्हटलं, दिसायला इथे येतंय कोण."

मी या घरात एकतीस वर्षं राहतो. लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं काढून पोट भरलं. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे मी एकदाही बघितलं नाही.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलंत? ते अमेरिकेचं साप्ताहिक मला त्याच आठवड्यात तुमच्या टेबलाच्या खणात मिळालं होतं. दिवाळीत नरकचतुर्दशीला बंबात घातलं. कोणाच्या हाती लागू नये, तुमचं नाव राहावं म्हणून. त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान केलंत तुम्ही. पाणी छान तापलंय म्हणालात." ती कालनिर्णय हातात धरून होती. "मग वाट बघितली, कधीतरी आपणहून सांगाल म्हणून. मग सवय झाली. तुम्ही चोरलंत त्याचं मला एवढं नाही. पण जे खरं झालं, तेवढं तुम्ही खोटं म्हणून सांगितलंत. आणि तेही न बघता."

तिने चहा केला. एकच कप. मला नको होता, असं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

हिंजवडीला गेलो, पीएमटीने, दोन बस बदलून. आधी राव साहेबांना भेटलो. सोबत एक कागद नेला होता, त्यावर नव्या पाटीचा मजकूर: 'एल्मर वूड्रफ यांच्या चित्रावरून. उतरवणारा अनंत दाबके.' त्यांनी तो दोनदा वाचला. फार सभ्य माणूस. म्हणाले, सर, आमच्या लीगलवाल्यांचं म्हणणं आहे की चित्र भिंतीवर नकोच. बबलवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ते खाली ठेवलेलंच होतं. परत मिळाल्याच्या पावतीवर माझी सही घेतली. आयुष्यात त्या चित्रासाठी दुसऱ्यांदा सही केली.

उत्कर्षा खाली आली. बाहेर सिक्युरिटीच्या टपरीशेजारी उभे राहिलो. ओळीने बसगाड्या उभ्या होत्या, त्यांच्या इंजिनांमुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. असलं बोलणं मोठ्याने करणं अवघड असतं.

"दारामागच्या खुणा बघितल्या," मी म्हणालो. "तू सांगितलंस ते सगळं खरं होतं. खोटं मी बोललो. मला माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत नसताना बोललो म्हणून."

ती गाड्यांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी दारामागे गेले होते, बाबा. कालनिर्णयला हात लावला. उचलायची हिंमतच झाली नाही. तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात, की मला वाटलं, उचललं आणि खाली काहीच नसलं तर?"

मी ओहायोचं विचारलं. "कोणी काही बोललं नाही अजून," ती म्हणाली. "माझ्यासमोर विषय निघाला की सगळे छान वागतात. ते जास्त वाईट आहे."

रिक्षात चित्र मावेना. शेवटी तिनेच ओळखीच्या टेम्पोवाल्याला सांगितलं. निघताना मी म्हणालो, दिवाळीला ये. बघते, म्हणाली.

२६ ऑक्टोबर, पाडवा

काल लक्ष्मीपूजनाला आली नाही. आज अकरा वाजता आली. तासभरच आहे म्हणाली, मग रुपालीकडे परत जायचंय. बैठकीत भिंतीवरचा पांढरा चौकोन तिने बघितला. चित्र गुंडाळलेलंच कपाटाला टेकून ठेवलंय, त्याकडे बघितलं नाही.

कुमुदने मला ओवाळलं. ओवाळणीत मी काय घालावं ते कळेना, एक पाकीट घातलं. त्यात पैसे नव्हते. 'तोरण'ला लिहिलेलं पत्र होतं, पुढच्या अंकात छापा म्हणून. कुमुदने ते उघडून उभ्या उभ्या वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

फराळ झाल्यावर उत्कर्षा स्वयंपाकघरात गेली. सिलिंडर सरकवल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. ती त्या सांदीत खाली बसून सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवून होती. डोळे पुसले, उठली, रेघांना पाठ लावून उभी राहिली. चौदाव्या वर्षाच्या रेघेच्या फार वर गेली नाही. "आजी म्हणायची ते खरं झालं," ती म्हणाली. आम्ही कोणी हसलो नाही.

मग बाहेर येऊन मला म्हणाली, "आता तुम्ही."

"मी कशाला? माझं काय वाढायचं राहिलंय?"

"उभे राहा, बाबा."

उभा राहिलो. पाठ चौकटीला लावली. कुमुदने लाटणं आणून दिलं, करंज्यांचं पीठ लागलेलं. उत्कर्षाने ते माझ्या डोक्यावर आडवं धरलं आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल घेतली. उजव्या हाताने.

"टाचा टेका."

"टेकलेल्याच आहेत," मी म्हणालो.

कुमुदने खाली वाकून बघितलं. "नाहीत हो."

टेकल्या.